सरकारला योग्य वाटेल तेवढी शाळा

गावातल्या शाळेची इमारत कोणी बांधायची, आणि ती बांधली नाही तर गावाने कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं? या प्रश्नाचा मला फार वर्षांचा नाद आहे. जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन वाचलं तेव्हा तो लागला. महसूल भरतो शेतकरी आणि त्यातला पैसा जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. मुंबई इलाख्यातल्या दहापैकी जवळजवळ नऊ गावांत मात्र प्राथमिक शाळेची काहीच सोय नाही, हे फुल्यांनी सरकारला तोंडावर सुनावलं होतं. पैसा कोणाचा आणि हिशेब कोणी द्यायचा, हा त्यांचा सवाल. त्या निवेदनाच्या शेजारी ठेवावा असा एक कागद मला सापडला तो कॅनडात: 1905 सालचा जेम्स बे करार, ज्याला तिकडे ‘करार क्रमांक नऊ’ म्हणतात.

उत्तर ऑन्टारियोतला सुमारे 90 हजार चौरस मैलांचा मुलूख या कराराने क्री आणि ओजिब्वे या मूळ रहिवाशांकडून ब्रिटिश राजाच्या नावे झाला. त्या बदल्यात माणशी आठ डॉलर एकदा आणि पुढे दरसाल चार डॉलर, राखीव जमीन, आणि मुलांसाठी शिक्षण. शिक्षणाचं कलम नीट वाचण्यासारखं आहे. सरकार शिक्षकांचे पगार देईल, शाळेच्या इमारती आणि साहित्य पुरवेल. पण किती, तर सरकारला योग्य वाटेल तेवढं. देणं कबूल केलं आणि देण्याचं माप स्वतःकडेच ठेवलं. पुढची शंभर वर्षं त्या एका अटीत सामावलेली आहेत, असं माझं मत आहे.

करार करायला तिघे आयुक्त होड्यांतून निघाले. डंकन कॅम्बेल स्कॉट आणि सॅम्युएल स्टुअर्ट हे केंद्राचे, डॅनियल मॅकमार्टिन हे ऑन्टारियो प्रांताचे. कराराचा मसुदा ओटावात आधीच ठरलेला होता आणि त्यातलं अक्षर बदलायचा अधिकार तिघांपैकी कोणालाच नव्हता. फोर्ट होप इथे मूनियास नावाच्या एका वजनदार मुखियाने त्यांना विचारलेला प्रश्न आयुक्तांच्याच अहवालात नोंदलेला आहे. कळायला लागल्यापासून मला कोणी काही फुकट दिलेलं नाही, टाचण्यांची पुडी घेतली तरी पैसे मोजावे लागले; आणि तुम्ही राजाकडून येऊन आम्हाला परत काही न मागता एवढं देता, हे कसं काय? उत्तर द्यायला आयुक्तांच्या बाजूने मिशनचे पाद्री पुढे झाले. मूनियासची शंका रास्त होती. मॅकमार्टिन यांची रोजनिशी पुढे क्वीन्स विद्यापीठाच्या दफ्तरात अभ्यासकांच्या हाती लागली. पूर्वीप्रमाणे हवी तिथे शिकार करता येईल असं लोकांना तोंडी सांगितल्याचं तिच्यात आहे. कराराच्या कागदावर मात्र त्या हक्काला सरकारी मर्यादा घातलेल्या आहेत. वाचता न येणाऱ्यांना एक सांगायचं आणि सही दुसऱ्यावर घ्यायची, हा प्रकार आपल्याकडच्या कुळांना आणि आदिवासींना नवा नाही.

आयुक्तांपैकी स्कॉट हे नावाजलेले कवी. 1913 ते 1932 ते मूळ रहिवाशांचा कारभार पाहणाऱ्या ‘इंडियन’ खात्याचे सर्वोच्च अधिकारी होते. मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत घालण्याची सक्ती 1920 मध्ये आली ती त्यांच्याच कारकिर्दीत. कराराने कबूल केलेली शाळा अशी आली: गावात नाही, तर गावापासून दूर, चर्चच्या ताब्यात. जेम्स बेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मुलांना फोर्ट अल्बनीच्या सेंट ॲन्स शाळेत नेलं जाई. तिथल्या छळाचा पोलीस तपास 1990 च्या दशकात झाला आणि काही कर्मचाऱ्यांना शिक्षा झाल्या. त्या शाळेत मुलांना शिक्षा म्हणून बसवायची विजेची खुर्ची होती. यावर अधिक लिहिणं मला जमत नाही.

आता अटावापिस्कट. जेम्स बेच्या पश्चिम किनाऱ्यावर, त्याच नावाच्या नदीच्या मुखाजवळचं हे क्री गाव. बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात बर्फावरून गाड्या जातात, एरवी विमान किंवा बोट. अल्बनी नदीच्या उत्तरेचा हा मुलूख 1929-30 च्या पुरवणी करारांनी राजाच्या नावे झाला. 1976 मध्ये सेंट ॲन्स बंद झाली आणि त्याच वर्षी गावाला स्वतःची प्राथमिक शाळा मिळाली, जे. आर. नाकोगी शाळा. निवासी शाळेत वाढलेल्या आईबापांची मुलं आता रात्री घरी झोपून सकाळी शाळेत जाऊ लागली.

तीन वर्षांत, 1979 साली, इमारतीखालची डिझेलची नळी फुटली. सुमारे 30 हजार गॅलन डिझेल जमिनीत मुरलं. शाळा तरीही चालू राहिली. मुलांची डोकी दुखत, मळमळे, शिक्षक आजारी पडत. पालक तक्रारी करत राहिले आणि खातं पाहण्या करत राहिलं. अशी एकवीस वर्षं गेली. अखेर मे 2000 मध्ये गावानेच शाळेला टाळं लावलं. खात्याने त्याच दूषित जागेशेजारी सुटे तयार वर्ग आणून ठेवले, तात्पुरते म्हणून. उणे चाळीसच्या थंडीत एका वर्गातून दुसऱ्यात जायचं तर कोट-बूट चढवून बाहेर पडायचं. दारं नीट लागत नसत, उष्णता टिकत नसे, उंदरांचा उपद्रव वेगळा. नवी शाळा बांधतो, असं आश्वासन एकामागून एक तीन मंत्र्यांनी दिलं.

इथे कॅनडाची घडी समजून घ्यावी लागते, कारण भांडणाचं मूळ तिच्यात आहे. 1867 च्या राज्यघटनेनुसार शिक्षण हा प्रांताचा विषय आहे. ऑन्टारियोतल्या कुठल्याही खेड्यातल्या गोऱ्या पालकाला शाळेबद्दल तक्रार असेल तर त्याच्यापुढे निवडून आलेलं शाळा मंडळ असतं, सभेची तारीख असते आणि पुढच्या निवडणुकीत पाडता येईल असा माणूस असतो. दुसऱ्या एका प्रांतात, प्रिन्स एडवर्ड बेटावर, एप्रिल 2017 मध्ये दोन छोट्या शाळा बंद करण्याची शिफारस झाली. गावं इतकी खवळलेली होती की दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्री वेड मॅकलॉक्लन यांनी ती फेटाळली. मूळ रहिवासी मात्र त्याच घटनेने केंद्राच्या अखत्यारीत टाकलेले. गावात निवडलेलं पंचमंडळ असतं, शिक्षण समिती असते, पण ताळेबंद ओटावातल्या खात्याचा. 1996 पासून या खर्चाची वाढ वर्षाला दोन टक्क्यांवर बांधून ठेवली होती, मुलं कितीही वाढोत. म्हणजे शाळा चालवायची जबाबदारी गावाची, नळी फुटली तर बोल लावायला गावचाच मुखिया, आणि पैसा मंजूर करणाऱ्या मंत्र्याचा मतदारसंघ शेकडो मैल दूर. त्या मंत्र्याला अटावापिस्कटमधलं एकही मत लागत नव्हतं. माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ हेच आहे. गावाकडे उत्साह नव्हता, संघटना नव्हती, असं अजिबात नव्हतं.

डिसेंबर 2007 च्या सुमाराला चक स्ट्रॉल मंत्री असताना खात्याने कळवलं की नवी शाळा आता यादीत नाही. त्यानंतर जे झालं ते आठवीतल्या मुलांनी केलं.

त्यांच्यात शॅनन कूस्टाचिन होती, जन्म 1994 चा. पहिलीपासून तिने सुट्या वर्गांखेरीज दुसरी शाळा पाहिली नव्हती. तिच्या वर्गाने नायगाराची सहल ठरवली होती, त्यासाठी पैसे जमवले होते. ती सहल त्यांनी रद्द केली आणि तेच पैसे घेऊन ओटावाला जायचं ठरवलं. त्याआधी त्यांनी देशभरातल्या मुलांना साद घातली: तुमच्या मंत्र्याला पत्र लिहा. शहरांतल्या शाळांतून हजारो पत्रं निघाली. त्या भागाचे खासदार चार्ली अँगस त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे 2015 मध्ये त्यांनी या प्रकरणावर पुस्तकही लिहिलं.

29 मे 2008 रोजी शॅनन आणि तिचे सोबती स्ट्रॉल यांच्या दालनात बसले. मंत्र्यांनी सांगितलं की शाळेसाठी पैसे नाहीत. दालन कसं वाटलं, असा विषय निघाला तेव्हा तेरा वर्षांच्या त्या मुलीने सांगितलं की आमचे वर्ग असे असते तर बरं झालं असतं. मग बाहेर संसदेच्या पायऱ्यांवर जमलेल्या लोकांपुढे ती बोलली, आम्ही हे सोडणार नाही असं सांगून आली.

त्या भेटीबद्दल मी जेवढं वाचलं त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली. मोठ्यांनी वीस-तीस वर्षं खात्याला अर्ज केले, आणि खातं म्हणजे कोणीच नाही. मुलांनी एक माणूस शोधला, त्याच्यासमोर बसली आणि त्याच्याच तोंडून नकार वदवून घेतला. त्या दिवसापासून तो नकार खात्याचा न राहता एका मंत्र्याचा झाला. आणि शाळेसाठी पैसे नाहीत असं सांगितलं गेलं त्याच उन्हाळ्यात गावापासून 90 किलोमीटरवर डी बीअर्सची व्हिक्टर हिऱ्यांची खाण सुरू झाली. हिरे 2019 पर्यंत काढले गेले.

मुलांच्या मागे आकडेही उभे राहिले. महालेखापरीक्षक शीला फ्रेझर यांनी 2004 मध्येच सांगितलं होतं की राखीव गावांतली आणि बाकीच्या देशातली शालान्त शिक्षणाची दरी याच गतीने भरायला 28 वर्षं लागतील. मे 2009 मध्ये संसदेचे अर्थसंकल्प अधिकारी केव्हिन पेज यांच्या अहवालात राखीव गावांतल्या निम्म्याहून कमी, 49 टक्केच शाळा चांगल्या स्थितीत असल्याचं आलं. म्हणजे अटावापिस्कट हा अपवाद नव्हता. डिसेंबर 2009 मध्ये खात्याने नव्या शाळेचा शब्द दिला.

शॅननने ती शाळा पाहिली नाही. गावात चांगलं माध्यमिक शिक्षण नाही म्हणून बहिणीसह ती दक्षिणेला शिकायला गेली होती. 2010 च्या उन्हाळ्याच्या तोंडावर रस्त्यावरच्या अपघातात ती गेली. वय पंधरा. गावाने आणि तिच्या सोबत्यांनी मोहीम तिच्या नावाने पुढे नेली, ‘शॅनन्स ड्रीम’. सिंडी ब्लॅकस्टॉक यांची बालहक्क संस्था तिच्यात उतरली. फेब्रुवारी 2012 मध्ये मूळ रहिवाशांच्या मुलांचं एक शिष्टमंडळ जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीपुढे गेलं. त्याच महिन्याच्या 27 तारखेला संसदेने शॅननच्या नावाचा ठराव एकमताने संमत केला: राखीव गावांतल्या मुलांच्या शिक्षणाला बाकीच्या मुलांइतका पैसा आणि दर्जा मिळावा. जूनमध्ये बांधकाम सुरू झालं. सुमारे तीन कोटी दहा लाख डॉलरची कट्टावापिस्कक प्राथमिक शाळा 2014 च्या ऑगस्टअखेर उघडली. ओबोमसाविन या ज्येष्ठ अबेनाकी दिग्दर्शिकेने या लढ्यावर ‘हाय-हो मिस्ताहे!’ हा माहितीपट 2013 मध्ये केला. तो मिळाला तर जरूर पाहा. तिथली मुलं स्वतःच्या तोंडून सगळं सांगतात.

या सगळ्याला एक जुना पायाही आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जुलै 1970 मध्ये आल्बर्टातल्या ब्लू क्विल्स निवासी शाळेत पालक आणि गावकरी जाऊन बसले. दोनअडीच आठवडे. ही शाळा आमच्या ताब्यात द्या, एवढीच मागणी. त्या वेळचे मंत्री जाँ क्रेत्याँ यांना ती मान्य करावी लागली आणि मूळ रहिवाशांनी स्वतः चालवलेली ती देशातली पहिली शाळा ठरली. दोन वर्षांनी राष्ट्रीय इंडियन ब्रदरहुडने ‘इंडियन शिक्षणावर इंडियनांचा ताबा’ हे धोरणपत्र मांडलं. त्यात पालकांची जबाबदारी आणि स्थानिक ताबा ही दोन सूत्रं आहेत. सरकारने 1973 मध्ये धोरण तत्त्वतः स्वीकारलं. ताबा गावाकडे आला, पण पैशाचं माप जिथे होतं तिथेच राहिलं. अटावापिस्कटची शिक्षण समिती त्याच व्यवस्थेतली.

आपल्याकडे कागद त्यांच्यापेक्षा भक्कम आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 21 व्या कलमाने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया. 22 व्या कलमाने त्या समितीला शाळेचा विकास आराखडा करायला सांगितलं, आणि सरकारचं अनुदान त्या आराखड्यावर आधारलेलं असावं असं लिहिलं. सरकारला योग्य वाटेल तेवढं नाही, तर गावाने लिहून मागितलेलं. मूनियासने मागितलं असतं ते हेच. प्रत्यक्षात किती गावांत हा आराखडा पालक बसून करतात? मी जिथे जिथे विचारलं तिथे बहुतेक ठिकाणी तो मुख्याध्यापकांनी भरलेला तक्ता निघाला, खाली सह्या घेतलेल्या. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा तेव्हा राज्यात 14 हजारांहून अधिक होत्या, बहुतेक डोंगरात आणि पाड्यांवर. पटसंख्येचा आकडा पुण्यात बसून काढता येतो. ओढा भरला तर सहा वर्षांची मुलगी तीन किलोमीटर कशी जाणार, हे मात्र त्या गावाच्या आराखड्यातच लिहिलेलं असू शकतं. लिहिलेलं नसेल तर तो प्रश्न कोणासमोर येणारच नाही.

ही दिवाळी गावी करणार असाल तर सुट्टी संपून शाळा उघडली की एक दिवस थांबा. तुमच्या जिल्हा परिषद शाळेत जा, व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त मागा, विकास आराखडा मागा. आराखड्यात काय मागितलं आहे ते वाचा, आणि त्यातलं जे मिळालं नाही ते कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या तारखेला नाकारलं, हे त्याच्या नावानिशी लिहून मागा.