पिंपरीचं पेनिसिलिन

पुणे-मुंबई रस्त्यावरच्या पिंपरीचं नाव काढलं की डोळ्यांपुढे मोटारी येतात. पण इथला पहिला मोठा कारखाना औषधाचा. केंद्र सरकारने १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन केली, तेव्हा एमआयडीसीसुद्धा जन्माला यायची होती. गावकऱ्यांच्या तोंडी ती कायम ‘एच.ए.’.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी यंत्रं व तज्ज्ञ दिले. मदतीमागची भूमिका मला फार मोलाची वाटते: तंत्र कुलूपबंद ठेवायचं नाही, इतरांनाही शिकवायचं. १९५५ मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागलं. हे काम नाजूक. बुरशी मोठ्या बंद टाक्यांत वाढवायची, तिला साखर आणि मक्याचा अर्क द्यायचा, निर्जंतुक हवा अखंड खेळती ठेवायची. बाहेरचा एखादा जिवाणू आत शिरला, तर अख्खी टाकी ओतून द्यावी लागते. पुढे द्रावणातून पेनिसिलिन वेगळं काढायचं, तेही थंडाव्यात आणि झटपट, कारण त्यासाठी द्रावण आम्लधर्मी करावं लागतं आणि आम्लात ते टिकत नाही. न्यूमोनियाच्या रोग्याला वाचवणारं हे औषध त्याआधी परदेशातून येई.

एच.ए.ने केवळ उत्पादनच केलं नाही. डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्रयोगशाळेत हॅमायसिन शोधलं. बुरशीच्या संसर्गावरचं हे औषध ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं, त्याचं शास्त्रीय नावच ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. पिकांवरच्या बुरशीसाठीचं ऑरिओफंजिनही याच प्रयोगशाळेचं. सरकारी कारखान्यात संशोधन होत नाही म्हणणाऱ्यांनी ही दोन नावं लक्षात ठेवावीत.

नंतर आयात खुली झाली, चीनचं स्वस्त पेनिसिलिन आलं आणि एच.ए. तोट्यात रुतली. पगार थकले. डिसेंबर २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने जादा जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय घेतला. दरम्यान देशाची पेनिसिलिनच्या कच्च्या मालाची गरज जवळजवळ पूर्णपणे चीनवर येऊन ठेपली. तो माल इथे बनावा म्हणून २०२० पासून सरकार खासगी कंपन्यांना प्रोत्साहन-अनुदान देत आहे. जे कौशल्य पिंपरीत पन्नाशीच्या दशकात हाती आलं होतं, ते जपलं असतं तर हा खर्च टळला असता.