गाडी आपली, अंगण दुसऱ्याचं: भरपाई कोण देणार?

दुर्ग-भिलाईत लग्नाला गेलं की मंगल भवनाच्या फाटकाशी 'वाहन अपनी जोखिम पर खड़ा करें' अशी पाटी असतेच. ती वाचून बरेच जण समजतात की आत गाडीचं काहीही झालं तरी दाद मागायची सोय नाही. काहींचं मत नेमकं उलट असतं: जागा ज्याची, त्यानं भरून द्यायचं. दुर्गच्या मोहन नगरात असो वा नागपुरात, दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. निष्काळजीपणा कोणाचा होता आणि त्या वेळी गाडी कोणाच्या ताब्यात होती, हे कायदा आधी पाहतो. जमीन कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

'पाटी लावली, जबाबदारी संपली'

या समजुतीला सर्वोच्च न्यायालयानं १४ नोव्हेंबर २०१९ रोजी उत्तर दिलं. प्रकरण दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलचं. १ ऑगस्ट १९९८ च्या रात्री एक पाहुणा मारुती झेन घेऊन तिथे आला, किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली आणि पार्किंगचं कुपन घेऊन आत गेला. गाडी पाहुण्याच्या स्वतःच्या जोखमीवर उभी आहे, चोरी किंवा नुकसान झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही, असं त्या कुपनावर छापलेलं होतं. मध्यरात्रीनंतर तो बाहेर आला तेव्हा गाडी जागेवर नव्हती. दुसऱ्याच गाडीतून आलेल्या तीन मुलांपैकी एकानं झेनची किल्ली उचलली होती आणि पहारेकऱ्यानं कुपन मागताच गाडी भरधाव बाहेर काढली होती. विमा कंपनीनं गाडीमालकाला २ लाख ८० हजार रुपये दिले आणि मग त्याच्यासह हॉटेलविरुद्ध ग्राहक आयोगात धाव घेतली.

हॉटेलनं कुपनावरच्या अटीचा आधार घेतला. तो टिकला नाही. किल्ली घेतली म्हणजे गाडी ताब्यात घेतली. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये याला निक्षेप म्हणतात, आणि कलम १५१ सांगतं की सांभाळायला घेतलेल्या वस्तूची काळजी सुज्ञ माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तितकी घ्यावी लागते. आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी छापील ओळीनं झटकता येत नाही, असं न्यायालयानं बजावलं. धड दिलेली गाडी मोडून आली किंवा आलीच नाही, तर आपण काळजी घेतली होती हे दाखवायचं काम आधी हॉटेलचं. पार्किंगचे वेगळे पैसे घेतले नव्हते, या म्हणण्यानंही हॉटेलची सुटका झाली नाही.

निकाल हॉटेलाबद्दलचा असला तरी त्यामागचं तत्त्व मंगल भवनालाही लावता येतं. तिथल्या माणसानं किल्ली घेऊन गाडी रिव्हर्स लावताना खांबावर घातली, तर भवनाच्या मालकाला पाटीकडे बोट दाखवून मोकळं होता येणार नाही. हॉलचं भाडं यजमानानं भरलं असलं तरी त्याच्या संमतीनं सेवा घेणारा पाहुणासुद्धा कायद्यानं ग्राहकच ठरतो.

किल्ली तुमच्याच खिशात असेल तर मात्र चित्र बदलतं. तुम्ही गाडी स्वतः लावली, कुलूप स्वतः घातलं, तर जागामालकानं फक्त उभं राहायला जागा दिली, गाडी सांभाळायला घेतली नाही. मग त्याची किंवा त्याच्या माणसांची नेमकी चूक दाखवावी लागते. पहारेकऱ्यानं फाटकाचा दांडा बॉनेटवर सोडला, तर ती चूक उघड आहे. कोणा अनोळखी माणसानं दारावर ओरखडा काढून पोबारा केला, तर मालकाला धरणं कठीण.

'त्यांच्या अंगणात झालं, त्यांनीच द्यावं'

एक उदाहरण घेऊ. एखादं कुटुंब नातलगांकडे जातं. यजमान गाडी आत घ्यायला सांगतात. अंगणातल्या सेप्टिक टँकचं झाकण वरून फरशीसारखंच दिसतं. पुढचं चाक त्यावर येतं, झाकण तुटतं, चाक खाली जातं आणि इंजिनाखालचा ऑइल चेंबर काँक्रीटच्या कडेवर आपटतो. फरशीवर काळं तेल पसरतं. इंजिन बंद करायचं कोणाला सुचलं नाही, तर काही हजारांचं काम इंजिन खोलण्यापर्यंत जातं.

ब्रिटननं जागामालकाच्या जबाबदारीसाठी १९५७ मध्ये स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे तसा सर्वसाधारण कायदा नाही. न्यायालयं जुन्या तत्त्वांवर चालतात: वरून न दिसणारा धोका मालकाला ठाऊक होता का, आणि त्यानं बोलावलेल्या माणसाला सावध केलं का? झाकण कच्चं आहे हे माहीत असून 'या, या, आत घ्या' म्हटलं असेल, तर जबाबदारी यजमानाची. 'त्या बाजूला नेऊ नका' असं सांगूनही चालकानं तिथेच घातली, तर ज्याची त्यानं निस्तरावी. दोघांचाही हलगर्जीपणा असेल तर चालकाच्या वाट्याएवढी भरपाई कमी होते. आणि धडधडीत दिसणाऱ्या खांबावर स्वतःच गाडी घातली, तर मालकाकडून काहीच मागता येत नाही. उलट खांबाची दुरुस्ती आपल्याकडे लागते.

असा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालत नाही. तिथे वाहनामुळे दुसऱ्याच्या झालेल्या हानीचे दावे जातात. आपल्या गाडीखालचं झाकण तुटलं, तर दाद दिवाणी न्यायालयात मागायची. सोयऱ्याधायऱ्यांविरुद्ध कोर्टात जायला कोणी तयार नसतं आणि तसं वाटण्यात काही गैर नाही. म्हणूनच अशा वेळी स्वतःचा विमा नीट कळलेला असणं फार महत्त्वाचं.

'खासगी जागेत विमा चालत नाही'

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज, कारण त्यापायी माणसं दावाच करत नाहीत. 'सार्वजनिक जागा' हा शब्द मोटार वाहन कायद्यात सक्तीच्या थर्ड पार्टी विम्यासंदर्भात येतो. तिथेही मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं १९८८ मध्ये, पांडुरंग चिमाजी आगळे यांच्या प्रकरणात, जागा खासगी असली तरी लोकांना तिथे प्रवेश असेल, मग तो नियंत्रित का असेना, ती सार्वजनिक जागाच धरली. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, म्हणजे ओन डॅमेज, तर रस्ता आणि अंगण असा भेदच करत नाही. अपघात भारतात कुठेही होवो, तो लागू असतो. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मात्र आपल्या गाडीला एक रुपयाही मिळत नाही, मग ती हायवेवर ठोका की दारात.

अटी तेवढ्या लक्षात हव्यात. लायसन्स नसलेल्या मुलानं 'जरा मागे घेतो' म्हणून अंगणात गाडी हलवली आणि भिंतीवर घातली, तर कंपनी दावा नाकारू शकते, कारण चालकाची अट घरच्या आवारातही लागू असते. दारू पिऊन चालवली तरी तेच. ऑइल गळत असताना गाडी पुढे दामटून इंजिन जॅम केलं, तर तेवढा खर्चही साध्या पॉलिसीत मिळणं अवघड.

किरकोळ नुकसानीत आधी हिशेब करा. प्लॅस्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापतात. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर १,००० रुपये स्वतः सोसावे लागतात. म्हणजे ६,००० रुपयांच्या बंपरचे हातात २,००० येतात. त्यापायी पाच वर्षं सांभाळलेला ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस घालवणं परवडत नाही. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, घेतलं असेल तर हिशेब वेगळा.

चूक मंगल भवनाची असेल तरी विमा कंपनीकडे दावा करता येतो. कंपनी पैसे देऊन ते भवनाकडून वसूल करू शकते, ताज प्रकरणात झालं तसंच. त्यामुळे मॅनेजर थोडेसे पैसे पुढे करून 'आता काही मागणं नाही' असं लिहून मागत असेल, तर सही करण्याआधी कंपनीला कळवा. नाहीतर कंपनीचा वसुलीचा हक्क जातो आणि आपला दावा अडतो. गाडी हलवण्याआधी झाकण, चाक, पाटी आणि कुपन यांचे फोटो काढून ठेवा.

सेवेतल्या त्रुटीची तक्रार दोन वर्षांच्या आत दुर्गच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. आधी १९१५ या हेल्पलाइनवर बोलून पाहता येतं. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत आहे. विमा कंपनीनं दावा फेटाळला, तर वर्षभरात विमा लोकपालाकडे जाता येतं. छत्तीसगडसाठी ते कार्यालय भोपाळला आहे आणि तिथे फी लागत नाही.