फाटक हलवलं, बक्षीस मिळालं
अडीच लाख डॉलरचं बक्षीस म्हटलं की डोळ्यांपुढे उड्डाणपूल नाहीतर मेट्रो येते. 2019 मध्ये 'डब्ल्यूआरआय रॉस प्राइझ फॉर सिटीज' हा पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला, तो मात्र पटकावला गतिरोधक, पदपथ आणि झेब्रा पट्ट्यांनी!

टांझानियातल्या दार-ए-सलाममध्ये असंख्य मुलं भरधाव गाड्यांच्या कडेनं पायी शाळेत जातात. 'अमेंड' संस्थेच्या 'सारसाई' या विजेत्या उपक्रमानं आधी कोणत्या शाळांतली मुलं जास्त जखमी होतात ते शोधलं, मग शाळेभोवतीचा रस्ता सुधारला. कुठे तर वर्दळीच्या रस्त्यावरचं शाळेचं फाटकच दुसऱ्या बाजूला नेलं. इतकं साधं! पाहणीत मुलांच्या दुखापती सुमारे 26 टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या.

या पुरस्काराच्या अंतिम पाच स्पर्धकांत पुण्याच्या कचरावेचकांची 'स्वच्छ' संस्थाही होती.