विचाराला रक्त लागतं

बाराला आठने गुणा. कागद नको, मोबाइल नको, मनातल्या मनात.

शहाण्णव हे उत्तर ओठांवर येईपर्यंत तुमच्या कवटीच्या आत काय झालं असेल? मेंदूच्या ज्या भागानं हा हिशेब केला, नेमक्या तिथल्याच बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्या आणि तिथं ताजं रक्त धावलं. हे कुणाच्या लक्षात आलं कसं? १८८०च्या सुमारास इटलीत आंजेलो मोस्सो नावाचा शरीरशास्त्रज्ञ होता. त्याच्याकडे बेर्तिनो नावाचा एक शेतकरी आला. डोक्याला झालेल्या दुखापतीनं त्याच्या कवटीला भोक पडलं होतं आणि मेंदूची धडधड त्यातून दिसत होती. मोस्सोनं ती धडधड कागदावर उमटवण्याची सोय केली आणि बेर्तिनोला आठ गुणिले बारा विचारलं. मेंदूचे ठोके मोठे झाले! दुपारी चर्चची घंटा वाजली तेव्हाही ते वाढले, हाताची नाडी मात्र होती तशीच. विचार आला आणि रक्त त्याच्यामागोमाग गेलं.

एवढी घाई का? कारण मेंदू स्वतःजवळ जवळजवळ काहीच साठवत नाही. त्याचं वजन जेमतेम १.४ किलो, शरीराच्या दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. दहाएक सेकंद रक्त थांबलं की शुद्ध हरपते. त्याच्यातल्या सगळ्या रक्तवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर लांबी भरते सुमारे ६०० किलोमीटर, म्हणजे गोव्यातल्या हरमलहून निघून मुंबई गाठावी आणि तरी थोडी उरावी. त्यातल्या शेवटच्या केशवाहिन्या इतक्या अरुंद की रक्तातल्या तांबड्या पेशीला अंग दुमडून पुढे सरकावं लागतं.

आता अडचण पाहा. हृदय रक्त संथ सोडत नाही, धक्क्याधक्क्यानं फेकतं. रोज लाखभर धक्के! मग इतक्या नाजूक जाळ्याच्या चिंधड्या का होत नाहीत?

हरमलच्या किनाऱ्यावर भरतीच्या वेळी उभे राहा. समोरून उंच उसळत आलेली लाट वाळूच्या लांब उतारावर पसरते, तिचा जोर मऊ वाळू गिळते आणि तुमच्या पायाशी पोचतो तो नुसता फेस. तीच लाट दगडी बांधावर आदळली तर? हृदयातून निघणारी महाधमनी तरुणपणी त्या वाळूचं काम करते. प्रत्येक ठोक्याला ती फुगते, जोर पोटात घेते आणि ठोका सरल्यावर हळूच आवळून रक्त पुढे लोटते. वय आणि वर्षानुवर्षांचा वाढीव दाब तिला ताठ करतात. तिच्यातला लवचीक धागा झिजतो, त्याच्या जागी चिवट तंतू येतात. वाळूचा बांध होतो.

आणि हा धक्का सगळ्यात खोलवर पोचतो तो मेंदूतच. हातापायांचे स्नायू विश्रांतीत असताना आपल्या वाहिन्या आवळून ठेवतात. मेंदूला तसं करता येत नाही, त्याला अखंड पुरवठा हवा, म्हणून त्याची दारं सदैव उघडी. शिवाय मेंदूच्या तळाशी केसासारख्या बारीक फांद्या थेट जाड धमनीतून फुटतात. मधे टप्पा नाही, उसंत नाही.

वाढलेल्या दाबाला तोंड देता देता या फांद्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते. पण मला सगळ्यात हळहळ वाटते ती पुढच्या गोष्टीची. त्या हाकेला ओ देईनाशा होतात. आठ गुणिले बारा विचारलं की रुंदावणं, हेच त्यांचं कसब, आणि तेच आधी जातं. मेंदूचा एक भाग दुसऱ्याशी जोडणाऱ्या तारा, ज्यांना पांढरं द्रव्य म्हणतात, या पुरवठ्याच्या अगदी टोकाला असतात. उपासमार तिथं सुरू होते. एमआरआयमध्ये तिथं पांढरे ठिपके दिसतात. कधी इवलासा झटका येऊन जातो आणि हात लुळा पडत नाही, तोंड वाकडं होत नाही, म्हणून कुणाला पत्ताही लागत नाही.

म्हणूनच या बिघाडाची पहिली खूण बहुधा विसरणं ही नसते. मंदावणं ही असते. दरवर्षी चवथीला माटोळीचं सामान, पाहुण्यांची जेवणं, भटजींची वेळ असं सगळं एकाच वेळी डोक्यात खेळवणारी बाई या वर्षी मधेच थबकते. नावं आठवतात, जुन्या गोष्टी आठवतात, पण एकातून दुसऱ्यात जाताना धागा सुटतो. घरचे म्हणतात, वय झालं. दुखत काहीच नाही, हीच यातली खरी भीती.

मग हा दाब चढतो कशानं? एक उत्तर मीठ. पेडण्यात आगरवाड्याच्या मिठागरांत पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकलं आणि पावसाळ्याच्या बेगमीला मासळी त्यात खारवली गेली. शरीरात गेलेलं मीठ पाणी धरून ठेवतं, दाब चढतो, हे आपण ऐकलेलं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, चमचाभरही नाही. पण २०१८मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी उंदरांत पाहिलं ते चक्रावून टाकणारं आहे. भरपूर मिठाच्या आहारानं उंदरांच्या आतड्यांत एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी वाढल्या. त्यांनी सोडलेला रेणू रक्तातून मेंदूच्या वाहिन्यांपर्यंत गेला आणि त्यांचं रुंदावणं मंदावलं. उंदीर ओळखीची वस्तू ओळखेनात, आणि त्यांचा दाब मुळीच वाढला नव्हता! आतड्यातून थेट बुद्धीपर्यंत वाट असेल, असं कुणाला वाटलं असतं? (आणि हरमलच्या मिरचीवर आळ घेऊ नका. गुन्हा तिखटाचा नाही, त्याच्या जोडीनं येणाऱ्या खारटाचा आहे.)

या कथेत आपल्या सह्याद्रीच्या रानातल्या एका झुडपालाही मोठं स्थान आहे. सर्पगंधा. लाल देठांवर पांढरी फुलं, मूळ कडूजहर. १९३१मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की हे मूळ वेडावरही चालतं आणि रक्तदाबावरही. एकच मूळ, मनावर आणि धमन्यांवरही? १९४९मध्ये परळच्या केईएम रुग्णालयाचे हृदयतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरचे निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले आणि जगाचे कान टवकारले. १९५२मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. १९५७मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसननी तेच सशांना दिलं, ससे दगडासारखे निश्चल झाले. मेंदूतलं डोपामाइन ज्यापासून बनतं ते एल-डोपा टोचताच ते पुन्हा उड्या मारू लागले! डोपामाइनचं महत्त्व त्यातून उमगलं, कंपवाताच्या उपचाराची वाट उघडली आणि कार्लसनना २०००मध्ये नोबेल मिळालं.

आणि रक्तदाब उतरवला तर माणूस खरंच वाचतो का, हा प्रश्न अमेरिकेत एडवर्ड फ्राइस यांनी १४३ पुरुषांवर तपासला तेव्हा त्यांच्या तीन औषधांत रेसरपिन होतंच. १९६७चा तो निकाल असा: नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांत २७ गंभीर घटना, औषधवाल्यांत २. (मुळी घरी उगाळून घेऊ नका. रेसरपिननं काहींना खोल नैराश्य आलं, आणि झुडूपही आता दुर्मीळ होत चाललं आहे.)

जीव वाचतो, पण बुद्धी? त्याचं उत्तर यायला २०१९ उजाडलं. अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीत पन्नाशीपुढचे ९,३६१ जण होते. निम्म्यांच्या रक्तदाबाचा वरचा आकडा १४०च्या खाली ठेवायचा, निम्म्यांचा १२०च्या. दाब जास्त उतरवलेल्या गटात बुद्धीच्या सौम्य ऱ्हासाचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी निघालं. पूर्ण स्मृतिभ्रंशही कमी दिसला, पण तो फरक खात्रीनं सांगण्याइतका मोठा नव्हता. जोरदार उपचार चालले होते ते सरासरी सव्वातीन वर्षंच.

लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या अभ्यासातली गोष्ट मला याहून थक्क करते. पन्नासाव्या वर्षी ज्यांचा वरचा आकडा १३० किंवा जास्त होता, त्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक होता, हृदयविकार कधीच झाला नसला तरीही. साठाव्या आणि सत्तराव्या वर्षी मोजलेल्या दाबाशी मात्र तसा संबंध दिसला नाही. म्हणजे सत्तरीपुढच्या आजोबांच्या डोक्यात आज जे चाललं आहे, त्याचा आकडा पंचवीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या दुपारी त्यांच्या दंडाला पट्टा बांधून वाचता आला असता. आज तो पट्टा पन्नाशीतल्या मुलाच्या दंडाला बांधता येतो, आणि त्याला लागतात दोन मिनिटं.