प्रगतिपुस्तकातला शेरा जपून ठेवा



'हुशार आहे, पण लक्ष नसते', 'जागेवर बसत नाही', 'वस्तू हरवतो' असे शेरे आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे प्रगतिपुस्तकात लिहीत आलो आहोत. बहुतेक मुले मोठी होता होता सावरतात. काहींची अडचण मात्र आळसाची नसते, ती मेंदूच्या जडणघडणीतली असते. डॉक्टर तिला एडीएचडी म्हणतात. मराठीत अवधान-न्यूनता व अतिचंचलता. मोठेपणी ती आपोआप जाते, ही समजूत बरोबर नाही. अनेकांची धावपळ कमी होते, पण कामे अर्धवट राहणे, मनात येताच करून बसणे आणि आतली अस्वस्थता टिकून राहते.

याचा व्यसनाशी काय संबंध? व्यसनी व्यक्तींच्या निरनिराळ्या देशांतील पाहण्या २०१२ मध्ये एकत्र अभ्यासल्या, तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे २३ टक्के लोकांना एडीएचडी असल्याचे आढळले. एरवी प्रौढांत हे प्रमाण शंभरात दोन-तीन एवढेच असते.

याची कारणे तीन. पहिले, लक्ष टिकवण्यात आणि आनंद वाटण्यात डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा असतो. एडीएचडीत त्याचे काम नीट चालत नाही. तंबाखूतले निकोटिन ते काही वेळ वाढवते. म्हणून सिगारेट ओढल्यावर किंवा मसाला खाल्ल्यावर 'डोके चालते' असे वाटते. दुसरे, परिणामाचा विचार येण्याआधीच हात पुढे जातो. तिसरे, लहानपणापासून ऐकलेली बोलणी. 'तुझ्याकडून काही होणार नाही' हे मनात बसले की त्याचा विसर पाडणारी वस्तू जवळची वाटू लागते. गुजरातेत दारूबंदी आहे, पण तंबाखू नाक्यानाक्यावर मिळते, हे आपण सारे जाणतो. अर्थात एडीएचडी असलेला प्रत्येक जण व्यसनी होतो असे मुळीच नाही.

व्यसन सोडूनही पुन्हा पुन्हा जडत असेल, तर मुळाशी एडीएचडी आहे का, हे मानसोपचारतज्ज्ञांना जरूर विचारावे. प्रौढ माणसात त्याचे निदान करताना लक्षणे बाराव्या वर्षाआधीपासून होती का, हे डॉक्टर पाहतात. तेव्हा आईवडिलांची आठवण आणि जुनी प्रगतिपुस्तके उपयोगी पडतात. म्हणून ती रद्दीत घालू नका. आम्हीही यापुढे 'खोडकर' एवढ्यावर न थांबता मूल नेमके कधी आणि कशात अडते, ते लिहू.

औषधांचीच सवय लागेल, अशी भीती अनेक पालकांना वाटते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या औषधांमुळे पुढे व्यसनाचा धोका वाढतो, असे अभ्यासांत दिसलेले नाही. ज्यांना आधीच व्यसन आहे, त्यांच्यासाठी सवय न लावणारी औषधेही आहेत. मात्र स्वतःच्या मनाने औषध घेऊ नये आणि दुसऱ्याला देऊ नये.

डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसन हा आजार आहे, व्यसनी माणूस तिरस्काराचा धनी नव्हे, हे त्या कामातून महाराष्ट्राला कळले. चंचल मुलाच्या बाबतीतही हीच दृष्टी हवी.

वडोदऱ्यात सयाजी रुग्णालयाचा मनोविकार विभाग आणि कारेलीबागेतील सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

विद्यार्थी मित्रांनो, अभ्यासात मन लागत नसेल तर लाजू नका, घरी किंवा आम्हाला सांगा. आणि पालकांनो, मुलाला बोल लावण्याआधी एकदा त्याची अडचण विचारून पाहा.