इंधनाची उधारी बंद झाली, विमाने जमिनीवर राहिली

सौदी, कुवेत, दुबईत नोकरी केलेल्या आपल्या लोकांना 'सादिया' चिकन चांगले ठाऊक आहे. नाव अरबी वाटते, पण कंपनी ब्राझीलची. आत्तिलियो फोंताना यांनी १९४४ साली कॉन्कॉर्डिया गावात ती काढली. पोर्तुगीज भाषेत कंपनीला लावतात ते 'सा' आणि गावाच्या नावातले शेवटचे 'दिया', असे हे नाव झाले.

ताजे मांस साओ पाउलोच्या बाजारात लवकर पोचावे म्हणून मुलगा ओमार याने विमानाचा मार्ग धरला. १९५५ मध्ये स्वतःची विमान कंपनी काढली. १९७२ मध्ये तिचे नाव 'ट्रान्सब्राझील' झाले. रंगीबेरंगी विमानांची ही कंपनी देशातील मोठ्या कंपन्यांत गणली जाऊ लागली. १९८३ मध्ये बोईंग ७६७ सारखी मोठी विमाने आली.

मग संकटे सुरू झाली. १९८६ मध्ये महागाई रोखण्यासाठी सरकारने सर्व भाव गोठवले. खर्च वाढला, तिकिटाचा दर मात्र वाढवता येईना. १९८८ मध्ये सरकारने कारभारच हाती घेतला. पुढे ओमार यांना कंपनी परत मिळाली, पण कर्जाचे ओझे राहिले.

मोठा फटका जानेवारी १९९९ मध्ये बसला. महिन्याच्या सुरुवातीला डॉलरला सुमारे १.२० रेआल पडत, महिनाअखेर सुमारे २ पडू लागले. म्हणजे लाख डॉलरच्या हप्त्याला १ लाख २० हजारांऐवजी २ लाख रेआल! विमानांचे भाडे डॉलरमध्ये आणि बहुतेक तिकिटांचा पैसा रेआलमध्ये. त्यात २००१ साली 'गोल' ही स्वस्त तिकिटांची नवी कंपनी मैदानात उतरली.

डिसेंबर २००० मध्ये ओमार यांचे निधन झाले. सुमारे वर्षभराने, ३ डिसेंबर २००१ रोजी, इंधनाला रोख पैसे नसल्याने उड्डाणे थांबली ती कायमचीच. तिकीट घेतलेले प्रवासी खोळंबले, कामगारांची रोजी गेली.

कापडाच्या धंद्यातही हेच पाहतो. दुकान मोठे दिसते, गिऱ्हाईक भरपूर असते. पण सूतवाल्याने उधारी बंद केली की माग थांबतात. बाहेरदेशी माल पाठवणाऱ्या किंवा तिकडून यंत्रे आणणाऱ्या व्यापारी बांधवांनी एवढे जरूर तपासावे : येणे कोणत्या चलनात, देणे कोणत्या चलनात आणि पुढच्या महिन्याची रोकड गल्ल्यात आहे का?