रानपक्ष्यांच्या मागावर (लेखांक सहावा) : टर्की आणि रानकोंबडा

तित्तिर आणि लावा यांचा परामर्श गेल्या आठवड्यात घेतल्यावर त्यांच्याच कुळातील थोरल्या पक्ष्याकडे, टर्कीकडे, वळणे क्रमप्राप्त आहे. हा पक्षी उत्तर अमेरिकेचा रहिवासी असला, तरी आमच्या किनाऱ्याला तो सर्वस्वी परका नाही : १६१२ साली जहांगीर बादशहाच्या हुकमावरून मुकर्रबखानाने गोव्याहून ज्या दुर्मीळ चिजा खरीदून दरबारी रुजू केल्या, त्यांत एक टर्की होता; त्याचे चित्र उस्ताद मन्सूरने काढले, आणि त्याच्या बोडक्या माथ्यामानेवर तांबडा, पांढरा व निळा हे रंग कसे पालटतात, याची नोंद स्वतः बादशहाने आपल्या आत्मचरित्रात केली.

या तीन रंगांचे महत्त्व अमेरिकेतील नवशिक्या शिकाऱ्यास पहिल्याच पाठात कळते. वसंतात, उजाडण्याच्या सुमारास, झाडावर वस्तीला बसलेला नर साद देतो. ती ऐकून शिकारी आपल्या खांद्यांहून रुंद बुंध्याला पाठ टेकून बसतो, लाकडी पेटीवर झाकण घासून मादीचा आवाज काढतो, आणि पक्ष्याची दृष्टी विलक्षण तीक्ष्ण असल्याने तसूभरही न हलता वाट पाहतो. अंगावर त्या तीन रंगांपैकी एखादे वस्त्र असल्यास त्यालाच टर्की समजून दुसऱ्याने बार काढण्याचा संभव असतो. बुंधा रुंद हवा, तोही पाठीमागून येणारे छर्रे अडावेत म्हणून.

बेसुमार कत्तल व जंगलतोड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हा पक्षी तिकडे नामशेष होण्याच्या बेतात होता. पिंजऱ्यात वाढविलेले पक्षी रानात सोडून पाहिले, ते तगले नाहीत. अखेर तोफेने उडविलेल्या जाळ्यांत रानटी पक्षीच धरून ओस पडलेल्या रानांत नेले, आणि बंदुका-काडतुसांवरील कराचा पैसा १९३७ च्या कायद्यान्वये अशा कामी आला.

आमच्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने व १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्याची वाटच बंद केली. फासा लावणे, आमिष ठेवणे, इतकेच नव्हे तर घरट्यातील अंडी उचलणेही त्या अधिनियमात शिकारच गणले जाते. हे योग्यच झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण राखी रानकोंबड्याच्या मानेवरील पिसे, ज्यांच्या टोकाशी लाखेचा थेंब गोठल्यासारखा पिवळसर ठिपका असतो, विलायतेत गळाला लावायच्या कृत्रिम माश्या बनविण्यासाठी इतकी खपत, की त्यांच्या निर्यातीस सरकारला मनाई करावी लागली.

विरारजवळच्या चंदनसारच्या पूर्वेकडील तुंगारेश्वराची रांग २००३ पासून अभयारण्य आहे. बुंध्याला टेकून निश्चल बसण्याची आणि कान लावण्याची विद्या नवशिक्याने बंदुकीवाचून तेथेच साधावी, मात्र ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला कदापि फसवू नये, कारण विणीच्या दिवसांत नर प्रतिस्पर्धी आला असे समजून व्यर्थ झुंजीस धावतो. पुढे सह्याद्रीच्या दाट रानात जाल, तेव्हा रानकोंबड्याची तुटक, कर्कश बांग लांबूनही ओळखू येईल. तिच्या अखेरचे हलके पुटपुटणे मात्र जवळ बसलेल्यालाच ऐकू येते. पावसाळ्यात नर मानेची झळकती पिसे टाकून मळकट काळसर होतो, त्या वेळी त्याला निराळाच पक्षी समजू नये.